घर चालवत सोलापुरात जीएनएम करता येतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ३२, बारावी कला शाखेतून, टॉवेलच्या कारखान्यात काम, दोन पोरं शाळेत आणि घरात कमावत्या फक्त तुम्हीच. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, प्रवेश घेतला तर काम चालू ठेवता येईल का, हा तुमचा प्रश्न.

काम चालू ठेवता येतं, पण कारखान्यातलं नाही. मी स्वतः लग्नानंतर, पोरं असताना जीएनएम केलं, म्हणून सांगते.

आधी कागदाचं. कला शाखा चालते. बारावीला इंग्रजी विषय आणि ४० टक्के लागतात, आणि वयाची अट ३५ पर्यंत आहे. म्हणजे "पोरं जरा मोठी झाली की बघू" म्हणायला तुमच्याकडे वेळ नाही. कोर्स तीन वर्षांचा, शेवटी इंटर्नशिप. "कॉलेजला यायची गरज नाही, परीक्षेपुरतं या" असं सांगणारे एजंट भेटतील. त्यांच्या नादाला लागू नका. थिअरीला ८० टक्के हजेरी लागते आणि वॉर्डातले तास तर शंभर टक्के भरावे लागतात. आजारी पडलात तरी ते नंतर भरून द्यायचेच. संस्थेला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे पैसे भरायच्या आधी तपासा. मान्यता नसेल तर पुढे नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय तुम्ही कायद्याने नर्सच नाही.

आता कामाचं. खरी अडचण पोस्टिंगची, म्हणजे कोर्समधल्या वॉर्डातल्या ड्यूटीची. या महिन्यात सकाळपाळी, पुढच्या महिन्यात दुपारपाळी, मग नाइट, मध्येच कुठल्यातरी खेड्यातलं आरोग्य केंद्र. तिसऱ्या वर्षाला मिडवाइफरी, म्हणजे बाळंतपणाचं शिक्षण. केसबुक, म्हणजे हाताळलेल्या केसेसची नोंदवही, भरायचं तर लेबर रूममध्ये थांबावं लागतं, आणि बाळंतीण काही तुमची सुट्टीची वेळ बघून बाळंत होत नाही. अशात ठरलेल्या वेळेची नोकरी टिकत नाही. पहिल्याच पोस्टिंगला खाडे पडायला लागतात आणि मुकादम दुसरी बाई बघतो.

म्हणून नगावरचं काम धरा. आपल्या सोलापुरात त्याला तोटा नाही. पूर्व भागात बायका घरी बसून विड्या वळतात, तसंच गणवेशाची शिलाईही घरी आणता येते. मी शिलाई धरली. ठेकेदार कापलेले पीस द्यायचा, मी रात्री कॉलर-कफ लावून परत करायची. मजुरी कमी असते, त्यात गोड काही नाही. पण अ‍ॅनाटॉमीची परीक्षा असेल त्या आठवड्यात "नको" म्हणता येतं, हीच त्याची खरी किंमत. शाळा सुरू व्हायच्या आधी, उन्हाळ्यात, हे काम रग्गड असतं. तेव्हाचे चार पैसे नाइट पोस्टिंगच्या महिन्यासाठी बाजूला ठेवा, कारण त्या महिन्यात मशीनला हात लागत नाही. सासूबाई आधी "ह्या वयात शाळेत जाऊन काय करालीस ग?" म्हणायच्या. नंतर काज-बटणाचं सगळं त्यांनीच अंगावर घेतलं.

तुम्हाला बरेच जण सुचवतील की एखाद्या खाजगी दवाखान्यात रात्रपाळी धर, अनुभवही मिळेल. माझं उत्तर स्पष्ट "नको" असं आहे. एकतर रात्रभर जागून सकाळी वॉर्डात औषधाचा डोस मोजायचा, हे पेशंटसाठी धोक्याचं. दुसरं म्हणजे काही ठिकाणी आया म्हणून घेतात आणि आठवड्याभरात "सिस्टर" म्हणत इंजेक्शन हातात देतात. नोंदणी नसताना काही कमीजास्त झालं तर डॉक्टर हात वर करतात.

फी सोडून युनिफॉर्म, पांढरे बूट, केसबुकं आणि बसभाडं यांतच पैसा जातो, तोही हिशोबात धरा. शिष्यवृत्तीसाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरा, पण ते पैसे कधी येतील यावर घरभाडं अवलंबून ठेवू नका. तुम्ही किंवा पोरांचे वडील विडी कामगार असाल तर विडी कामगारांच्या पाल्यांसाठी केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती आहे, तुमच्या पोरांना तिचा उपयोग होईल.

आणि प्रवेश घ्यायच्या आधी त्या कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना बाहेर चहाच्या गाडीवर गाठा. ऑफिसात बसून कळत नाही ते त्या सांगतील. पोस्टिंग कुठे-कुठे लागतं, नाइट किती असतात, मूळ कागदपत्रं वेळेवर परत देतात का, आणि शेवटची बस चुकली की त्या काय करतात.