कसुती जॅकेटवर शोभेल का?

प्रश्न : माझी आजी धारवाडची. तिच्याकडून कसुती हे तिकडचं भरतकाम शिकले, इरकलीवर गोपूर आणि तुळशीवृंदावन काढलं. आता लिनन आणि डेनिमच्या जॅकेटांवर काढायचं आहे. पण डेनिमवर नक्षी वाकडी येते. शिवाय आई म्हणते, साडीवरचं काम जॅकेटवर नेऊन त्याची शान घालवू नकोस. काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : कापड बदलल्याने शान जात नाही, टाका सोडला की जाते. कसुतीत छापा नाही, गाठ नाही. सुई कापडाचे उभे-आडवे धागे मोजत चालते. डेनिमची वीण तिरपी, धागे मोजायचे कसे? त्यावर कॅनव्हासची जाळी टाचा, तिचे चौकोन मोजून नक्षी काढा आणि मग जाळीचे धागे एकेक करून ओढून काढा. रेशमी साडीवरही बऱ्याच जणी असंच करतात.

लिनन घेताना एका इंचात उभे किती, आडवे किती, हे मोजा. फरक असला तर गोपूर बुटकं तरी होतं, नाहीतर उंच. कापड आधी धुऊन घ्या; लिनन आटतं आणि टाक्यांभोवती चुण्या पडतात.

आता मला सगळ्यात जवळची गोष्ट. गवंती या कसुतीच्या टाक्यात जाताना धावदोरा घालायचा आणि परतताना मोकळ्या जागा भरायच्या, म्हणून ती उलट-सुलट सारखीच दिसते. साडीच्या निऱ्यांत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. जॅकेटला अस्तर लावलंत तर इथेही ते झाकलं जाईल. बिनअस्तराचं शिवा, शिवणींच्या कडा पट्टीने बंद करा आणि गवंती बाहीच्या टोकाला काढा. बाही दुमडली की आतून तीच नक्षी वर येते! नवं डिझाइन म्हणजे माझ्या मते हेच : टाक्याच्या अंगी जे आहे, ते दिसेल असा कपडा बेतणं. नेगी या कसुतीच्या दुसऱ्या टाक्याची मागची बाजू वेगळी दिसते, ती पाठीवर घ्या.

नक्ष्यांची गर्दी मात्र करू नका. पाठीवर एकच गोपूर पुरे, टाका दोनऐवजी चार धाग्यांवर घेऊन मोठं केलेलं. दोरा लाल असेल तर रंग जातो का, ते चिंधीवर धुऊन बघा.

किमतीत मशीनच्या कामाशी बरोबरी नको. लागलेले तास वहीत मांडा, त्यावरून भाव ठरवा आणि गिऱ्हाइकाला बाही उलटून दाखवा. आईंनाही दाखवा.