सरकारी आणि अनुदानित कॉलेजांनी सोयीसुविधांसाठी फी वाढवावी का?

पुण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात फीच्या खिडकीमागे मी 22 वर्षं बसलो. माझं मत : वाढवा, पण आधी पावती नीट बघा.

सरकारचं अनुदान मुख्यतः पगारात जातं. वाचनालयातले पंखे, स्वच्छतागृहांची सफाई, पिण्याचं पाणी हे बहुतेक फीतूनच भागवायचं. फी वर्षानुवर्षं तेवढीच ठेवली की नळ गळत राहतो आणि तीच मुलं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेला महिन्याला हजार रुपये मोजतात. मग स्वस्त फीचं कौतुक कशाला?

खरी गोम पुढेच आहे. पावतीवर एकीकडे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, दुसरीकडे जिमखाना, ग्रंथालय, ओळखपत्र, विकास निधी अशी 'इतर'ची शेपटी. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी 2024-25 पासून शंभर टक्के माफी मिळाली, तीही शिक्षण आणि परीक्षा शुल्काचीच. सोयींसाठी वाढवलेला रुपया बसतो 'इतर'मध्ये. म्हणजे ज्यांची फी 'माफ', त्यांनाही तो रोख भरावा लागतो.

बार्शीकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. "साहेब, फी माफ आहे ना? मग हे कशाचं?" मी एकेक शीर्ष वाचून दाखवू लागलो. जिमखान्याशी आलो तेव्हा ते मैदानाकडे बघत होते. तिथे नव्या इमारतीची खडी पडली होती, सलग दुसऱ्या वर्षी. मी गुपचूप शिक्का मारला.

माझी भाची सॅन होजेला शिकते. तिथल्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत असं कॅम्पस शुल्क वाढवण्याआधी विद्यार्थ्यांचं मतदान घेतात, नाहीतर सल्लामसलत करतात. कौल बंधनकारक नसतो, शेवटी सही त्या कॅम्पसच्या अध्यक्षांचीच. पण विचारतात तरी! आमच्याकडे वाढ कळायची ती सूचनाफलकावर, तीही प्रवेशाच्या ऐन गर्दीत.

तुमच्या कॉलेजात वाढ येत असेल तर मोर्च्याआधी गेल्या वर्षीचा शीर्षवार जमाखर्च मागा. अनुदानित कॉलेजला माहितीचा अधिकार लागू होतो, अर्जाला 10 रुपये लागतात. आमच्याकडे इतक्या वर्षांत जिमखान्याच्या पैशांबद्दल असा अर्ज एकदाच आला. खडी त्याच आठवड्यात उचलली गेली.