सोसायटीत राहून जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन स्वतः बांधता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेरूळला सोसायटीत राहता, जुनी सॅन स्टॉर्म (दोन सीटची भारतीय स्पोर्ट्स कार) हाती लागली आहे, निळा धूर मारते आणि ऑइल पिते. मेकॅनिक नाही, पण इंजिन स्वतः उतरवून नव्याने बांधायची हौस आहे. जमेल का?

जमेल. मी ठाण्याचा, पेशाने अकाउंटंट. माझ्याकडच्या याच मॉडेलच्या गाडीचं इंजिन वागळे इस्टेटमध्ये ओळखीच्या एका गाळ्याच्या कोपऱ्यात बांधलंय आणि गाडी आज व्यवस्थित पळते. मात्र बोअरिंग (सिलिंडर कापून मोठा करणं), क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासून गोल करणं), हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) ही मशीनची कामं घरी होत नाहीत, ती बोअरिंगवाल्याकडेच जाणार. तुमच्या वाट्याला राहतं खोलणं, मोजणं, धुणं आणि बांधणं. पाना फिरवायला कुणीही शिकतो. इंजिन टिकतं ते मोजण्यावर आणि धुण्यावर, आणि नेमकी हीच दोन कामं घाईच्या गॅरेजमध्ये उरकली जातात. हौशी माणसाकडे वेळ असतो, हाच काय तो त्याचा फायदा.

पण आधी इंजिन खोलायची गरज आहे का ते बघा. धूर कधी येतो? रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना भकाभका येऊन मग थांबत असेल, किंवा उतारावर पाय काढून परत अॅक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल, तर बहुतेक व्हॉल्व्ह सील गेलेत. ते काम वरच्या वर होतं, ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य भागाला, हात लावावा लागत नाही. ओढताना सतत धूर असेल तर रिंगांवर (पिस्टनभोवतीच्या कड्यांवर) संशय घ्या. मग गेज लावून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा: इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज केलेली. चारही रीडिंग लिहून ठेवा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरचं भोक) झिजलंय. जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर गॅस्केटच धरून चाला.

जागेचं म्हणाल तर पार्किंगच्या बीमला किंवा पाइपला चेनब्लॉक टांगायचा विचारही करू नका. सेक्रेटरी काय बोलतील ते बोलतील, पण खाली तुमचे हात असणार आहेत. घडीची इंजिन क्रेन एखाद्या गॅरेजवाल्याकडून दिवसभरापुरती भाड्याने घ्या. इंजिन उतरलं की बाकीचं काम तुर्भे-रबाळेकडे एखाद्या गाळ्यात कोपरा मिळाला तर तिथे, नाहीतर घरच्या बंद बाल्कनीतही होतं. घरच्यांशी बोलणी तुमची तुम्ही करा.

मुहूर्त मात्र दिवाळीनंतरचा धरा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत नुकतीच घासलेली सिलिंडरची भिंत कोरडी ठेवली तर बघता बघता तांबूस होते.

स्पेअरची काळजी तुम्हाला वाटते तेवढी नाही. स्टॉर्म गोव्यात बनायची, पण तिचं इंजिन रेनोचं डी७एफ, ११४९ सीसी. क्लिओ आणि ट्विंगोलाही हेच बसायचं, त्यामुळे युरोपातून रिंगा, बेअरिंग, गॅस्केट मागवता येतात. फक्त मोजमाप होईपर्यंत ऑर्डर टाकू नका. स्टँडर्ड लागणार की ओव्हरसाइज (कापून मोठ्या केलेल्या बोअरसाठीचं माप), हे आधी कुणालाच माहीत नसतं. ऑइल सील तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी लिहून नेलीत की मुंबईच्या नागदेवीच्या बाजारात तसेच मिळू शकतात.

खोलताना प्रत्येक कॅपला आणि रॉडला (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याला) नंबर आणि दिशेची खूण करा. मेन बेअरिंगच्या कॅपा आणि रॉडच्या कॅपा आपापल्या जागीच परत बसल्या पाहिजेत. अदलाबदल झाली की बेअरिंगच्या भोकाची गोलाई गेली. फोटो काढाच, पण नुसत्या फोटोंवर विसंबू नका. पिशव्या आणि मार्कर पेन जास्त उपयोगी पडतात.

आता मोजणं. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मधे, खाली असा तीन ठिकाणी आणि दर ठिकाणी आडवा-उभा मोजायचा. या इंजिनाचा बोअर ६९ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७६.८. माझ्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये वर ६९.०८ भरलं आणि तळाला ६९.०१. डोळ्यांना चारही सिलिंडर सारखेच चकचकीत. बोअरिंगवाला म्हणाला, "साहेब, नख लागत नाही, होन मारून देतो, नवीन रिंगा टाका." होन म्हणजे दगडाने भिंत नुसती खरवडणं. कागद समोर ठेवला तेव्हा बोअर करायला तयार झाला. सात शतांशांचा उतार असलेल्या सिलिंडरात नवीन रिंगा टाकल्या असत्या तर धूर पुन्हा आलाच असता. आणखी एक, पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करून घेऊ नका. चांगला बोअरिंगवाला स्वतःच पिस्टन मागतो, त्यावर मोजून कापतो.

रिंग बसवण्याआधी ती सुटी सिलिंडरमध्ये टाकायची, उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकलायची आणि टोकांमधली फट फीलर गेजने बघायची. साध्या इंजिनाला ढोबळ हिशेब बोअरच्या ०.००४ पट, म्हणजे आपल्याकडे ६९ गुणिले ०.००४, सुमारे ०.२८ मिलिमीटर. मॅन्युअल किंवा रिंगांच्या पाकिटावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा. फट कमी पडली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलिंडर ओरबाडला जातो. बेअरिंगची फट बघायला प्लॅस्टिगेज वापरा: दोऱ्यासारखा तुकडा जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) आडवा ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कला (ठरलेल्या जोराने) आवळा, क्रँक अजिबात न हलवता कॅप काढा आणि चपटी झालेली पट्टी पाकिटावरच्या खुणांशी ताडून बघा.

होनिंग होऊन आलेला ब्लॉक रॉकेलने किंवा पेट्रोलने धुऊन भागवू नका. त्याने तेल जातं, दगडाची पूड खाचांत तशीच राहते. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश. मग पांढरं सुती फडकं फिरवायचं. करडा डाग आला की परत धुवायचं. फडकं पांढरं निघालं की लगेच कोरडं करून ऑइल चोळा. ऑइलच्या वाटा बारीक ब्रशने आरपार साफ करा. हेड बोल्टची भोकंसुद्धा कोरडी हवीत. बंद भोकात तेल किंवा पाणी साठलेलं असताना बोल्ट आवळला तर दाबाने ब्लॉक तडकू शकतो. ज्या बोल्टांना टॉर्कनंतर अंशांत फिरवायला सांगितलेलं असतं, ते शक्यतो नवेच घ्या.

स्टॉर्मची बॉडी फायबरची आहे, हे वायरिंग जोडताना लक्षात असू द्या. तिच्यातून करंट जात नाही. इंजिनापासून चेसिसला जाणारी अर्थची पट्टी राहून गेली तर स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो आणि कधीकधी ती अॅक्सिलरेटरची केबल असते.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून आणि इंधन बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा, अर्थात थांबून थांबून. सुरू झाल्यावर तासभर आयडलवर ठेवायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. रिंगा बोअरला बसायला लोड लागतो. रविवारी पहाटे पाम बीच रोडवर वेग कमीजास्त करत चालवा. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये मात्र कच्चं इंजिन नेऊ नका. पहिलं ऑइल मिनरल घाला आणि लवकर काढा. जुना फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघा. बारीक करडी कणी थोडीफार येतेच, पण चमकदार पापुद्रे दिसले तर गाडी चालवू नका, आधी बेअरिंग बघा.

आणि कुणी "दुसरा ब्लॉकच टाक, स्वस्त पडेल" म्हणालं तर इंजिन नंबर आरसीवर असतो हे विसरू नका. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, तेव्हा नंबर जुळला नाही तर आरटीओत हेलपाटे तुम्हालाच घालायचे आहेत.