पन्हं, बाटली आणि आंबा: सईला पत्र

प्रिय सई,

तुझा व्हॉइस मेसेज रात्रपाळीहून आल्यावर ऐकला. तुझी तक्रार अशी, की आजी दुकानातलं आंब्याचं पेय घेऊ देत नाही, 'आंबा खा, नाहीतर पन्हं पी' म्हणते आणि स्वतः मात्र पन्ह्यात गुळाचे खडेच्या खडे ढकलते. दोन्ही गोड, दोन्ही आंब्याचंच, मग एक चालतं आणि दुसरं का नाही? 'आपल्या लोकांना घरचं ते सगळं चांगलंच वाटतं का?' हे वर आणखी.

आजीचं निम्मं बरोबर आहे, निम्मं नाही. हे तिला लगेच वाचून दाखवायला जाऊ नकोस.

आधी तुझी बाटली घेऊ. तू पाठवलेल्या फोटोतलं लेबल मी मोठं करून वाचलं. पाणी, साखर, आंब्याचा गर ११ टक्के, मग आम्लता नियंत्रक ३३०, अँटीऑक्सिडंट ३००, रंग, वास. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे. म्हणजे त्या बाटलीत पाण्याखालोखाल जास्त आहे ती साखर, आंबा तिच्याही मागे. यात फसवणूक काही नाही बरं का. आपल्याकडच्या नियमानुसार अशा पेयात फळाचा अंश किमान १० टक्के असला की पुरतो, लिंबाच्या पेयाला तर ५ टक्केच. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच. आणि ३०० म्हणजे चक्क क जीवनसत्त्व, फक्त आंब्यातून न येता कारखान्यातून आलेलं. या आकड्यांना घाबरायचं कारण नाही.

बघायची ती साखर. १०० मिलीला १४ ग्रॅम लिहिली आहे, बाटली २०० मिलीची. म्हणजे २८ ग्रॅम, चहाचे सात चमचे. आणि आंब्याचा गर किती, तर २२ ग्रॅम. आजी रस काढताना कोयीला जेवढा ठेवते त्याहून फार नाही.

आता आंबा. आढीतला मध्यम हापूस धर, अडीचशे ग्रॅमचा. साल आणि कोय काढली की साधारण दीडशे ग्रॅम गर हाती लागतो. त्यात साखर किती असेल? जवळजवळ २० ग्रॅम. हो, आंबाही चांगलाच गोड असतो, त्याला उगाच साधू बनवायला नको. पण त्या २० ग्रॅमबरोबर दोन-सव्वादोन ग्रॅम तंतू येतात, पन्नासेक मिलिग्रॅम क जीवनसत्त्व येतं, पोटॅशियम आणि फोलेट येतं, आणि ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते बीटा कॅरोटीन येतं. गराचा तो केशरी रंग मुख्यतः त्याच्याच घराण्याचा. बाटलीतल्या २२ ग्रॅम गरात हे सगळं असून असून किती असणार? सातवा हिस्सा. वर गर तापवून टिकवलेला असतो, त्यात मूळचं क जीवनसत्त्व आणखी कमी होतं.

दुसरा फरक लेबलवर सापडत नाही. आंबा खायला वेळ लागतो. मागच्या अंगणातला रायवळ आठव. आधी दाबून मऊ करायचा, देठाकडचा चीक पिळून टाकायचा, मग चोखायचा, दातात अडकलेले तंतू काढत बसायचं. दोन खाल्ले की पोट आणि हात दोन्ही 'पुरे' म्हणतात. बाटली चार घोटांत संपते आणि पोटाला पत्ताही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेची मर्यादा सांगितली, तेव्हा अख्ख्या फळातली साखर त्यात धरलीच नाही. पेयातली, फळांच्या रसातली, मधातली आणि वरून घातलेली मात्र धरली. दिवसभराच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली ती असावी, ५ टक्क्यांखाली आली तर उत्तम. दोन हजार उष्मांक खाणाऱ्या माणसाला ही उत्तम मर्यादा पडते २५ ग्रॅम. तुझी एक बाटली तिथेच ती ओलांडते.

मग पन्हं? इथे तू आजीला बरोबर पकडलं आहेस. कैरीत स्वतःची साखर फार नसते. तिच्यात स्टार्च आणि आम्ल असतं, त्या स्टार्चची साखर व्हायची ती आंबा पिकताना. म्हणजे पन्ह्याचा गोडवा जवळजवळ सगळा गुळाचा. आजी वाटीभर गराला दीड-दोन वाट्या गूळ घालते. त्यातलं तीन मोठे चमचे मिश्रण पेलाभर पाण्यात गेलं की पंचवीसेक ग्रॅम गूळ पोटात. बाटलीच्या आसपासच! 'गूळ पौष्टिक असतो' हे ती म्हणणारच. गुळात लोह आणि इतर खनिजं थोडी असतात हे खरं, पण बाकी बहुतेक सगळी साखरच. चमचा-दोन चमच्यांतून मिळणाऱ्या लोहावर कुणाचं रक्त वाढत नाही. आणि हे खास आजोबांसाठी: 'गुळाचं आहे, मला चालतं' म्हणून ते पेला पुढे करतात ना, त्यांच्या शुगरला गूळ आणि साखर यांत काडीचा फरक कळत नाही. त्यांना फोनवर मी सांगेन, तू त्या भानगडीत पडू नकोस.

तरी पन्हं आणि बाटली एकाच पारड्यात टाकायला मी तयार नाही. एक तर पन्ह्यात मीठ असतं. चिपळूणच्या वैशाखात घामाच्या धारा लागतात, घामातून पाण्याबरोबर मीठही जातं, आणि ते भरून काढायची सोय त्या पेल्यात आहे. दुसरं, कैरीत क जीवनसत्त्व पिकल्या आंब्यापेक्षा जास्त असतं. उकडताना त्यातलं थोडं जातं, थोडं पाण्यात उतरतं. म्हणून कैऱ्या सालासकट उकडायच्या आणि भांड्यातलं पाणी ओतून न देता पन्ह्यातच घालायचं. आजी देठ तेवढा खुडते आणि कैरी अख्खी कुकरला लावते, ते म्हणूनच चांगलं. तिसरं म्हणजे माप. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं कशातून देतात आठवतंय? छोट्या पेल्यातून, आंब्याची डाळ आणि भिजवलेल्या हरभऱ्यांबरोबर. डाळ-हरभऱ्यात प्रथिनं आणि तंतू, वर घोट-दोन घोट आंबटगोड. पद्धत अशी होती. फ्रिजमध्ये बाटल्या भरून ठेवून दिवसभर पन्हं पीत राहणं ही नवी सवय आहे, पद्धत नव्हे.

आमरसावर तूप कशाला, हेही तू मागे विचारलं होतंस. बीटा कॅरोटीन शरीरात नीट शोषलं जायला थोडी चरबी लागते, ती तुपातून मिळते. आपल्या पणज्यांना कॅरोटीन ठाऊक नव्हतं, त्या चवीसाठीच घालत असणार. पण रसाची वाटी एकच घे. एका वाटीत अख्खा आंबा सहज जातो, आणि पुरी असली की दुसरी वाटी कधी भरली ते कळत नाही.

तर उद्या एक कर. पन्हं तूच कर, आजीला नुसतं बसून सांगायला लाव. गर आणि गूळ समसमान घे, वेलची थोडी सढळ हाताने, मीठ नीट विरघळव, थंड माठाचं पाणी घाल. वेलची आणि मीठ असलं की कमी गूळ फारसा जाणवत नाही. आजी तोंड वाकडं करेल, तिला तिच्या पेल्यात वरून घालू दे. आणि बाटली हवीच असेल तर महिन्यातून एखादी पी, माझी हरकत नाही. फक्त पाणी म्हणून नको, मिठाई म्हणून पी.

आंब्याची पेटी कुणाबरोबर पाठवायचं आजीच्या मनात असेल तर तिला सांग, अर्धेकच्चे भरायचे. इथे दोह्यात पोचेपर्यंत ते आपोआप पिकतात.

तुझा,
बाबा