आठवड्याची पुडी रोज घेतली, तर?

प्रश्न : आईचं वय 64. अंग दुखतं म्हणून डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे दुधातून घ्यायला सांगितली होती. तिने ती सलग 21 दिवस रोज घेतली. आता मळमळतं, सारखी तहान लागते, पोट साफ होत नाही. जास्तीचं जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जातं ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, ड जात नाही. ते चरबीत साठतं, आणि पुड्या बंद केल्यावरही कित्येक आठवडे त्याचा अंमल राहतो.

पुडीवर बारीक अक्षरात 60,000 आययू, म्हणजे युनिट, लिहिलेलं असतं. रोज घ्यायचं झालं, तर प्रौढांसाठी 4,000 ही वरची मर्यादा धरतात. आठ पुड्यांचा कोर्स 4,80,000 युनिटचा. आईंच्या पोटात 12,60,000 गेली आहेत.

ड वाढलं की आतड्यातून कॅल्शियम जास्त शोषलं जातं, हाडांतूनही सुटतं. रक्तात ते वाढलं की मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही. लघवी वाढते, अंगातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंडावर ताण येतो. आईंची तहान यातलीच असू शकते. आतडी मंदावतात, म्हणून बद्धकोष्ठ.

पुड्या, कॅल्शियमच्या गोळ्या, मल्टीव्हिटॅमिन आजच बंद करा. कॅल्शियम असलेलं अँटासिडही नको. आजच डॉक्टरांना दाखवून रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) तपासा. ड ची तपासणीही करायची, पण तिच्या रिपोर्टसाठी थांबू नका. धोका ठरतो तो कॅल्शियमवरून. दर डेसिलीटरला साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम ठीक. त्याहून बरंच वर गेलं, तर दवाखान्यात सलाईन लावावं लागतं. रक्तदाबासाठी थायाझाइड गटातली किंवा हृदयासाठी डिगॉक्सिनची गोळी चालू असेल, तर आधी सांगा: पहिलीने कॅल्शियम आणखी वाढतं, कॅल्शियम वाढलेलं असताना दुसरीने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हृदय किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार नसेल, तर पाणी भरपूर द्या. त्या असंबद्ध बोलू लागल्या, फार पेंगुळल्या, उलट्या थांबेनात किंवा लघवी कमी झाली, तर थेट इस्पितळात न्या.

ड चं इंजेक्शनही घेतलं होतं का, ते आठवून डॉक्टरांना सांगा. 6,00,000 युनिटचं एक इंजेक्शन म्हणजे दहा पुड्या.

पुढे कधी घरात कुणासाठी अशा पुड्या आल्या, तर दुकानातून आणल्या आणल्या आठही पुड्यांवर पेनाने आठ तारखा घाला.