पावसात गाडी घसरली तर ब्रेक दाबायचा की नाही?

घसरली कशामुळे, त्यावर आहे. साचलेल्या पाण्यावरून वेगात जाताना स्टेअरिंग अचानक हलकं लागलं, तर टायर रस्त्यावर नाही, पाण्याच्या थरावर आहेत. तेव्हा ब्रेक नकोच. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा, स्टेअरिंग सरळ धरा. टायर पुन्हा रस्ता पकडतात. मागची बाजू डावीकडे सरकली तर स्टेअरिंगही डावीकडेच, पण थोडंसंच. घाबरून जास्त फिरवलं की गाडी उलट्या बाजूला फेकली जाते.

समोर अचानक कुणी आलं तर मात्र एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबून धरा. पेडल थरथरतं, ते बिघडलेलं नसतं (बरेच जण तिथेच पाय उचलतात!). एबीएस नसेल तर दाबा-सोडा करत राहा.

आणि टायरच्या नक्षीची खोली ३ मिमीच्या खाली गेली असेल तर पावसाळ्याआधीच बदला.