दोन लाखांचा बेस आणि वर्षाच्या एकोणीस सुपाऱ्या

पत्र जळगावहून आलं आहे. वाचक चौतीस वर्षांचे. एमआयडीसीतल्या डाळमिलचे हिशेब सांभाळतात, पगार हातात ३४,०००. पत्नी घरी शिकवण्या घेतात, त्याचे ९,०००. मुलगी पाच वर्षांची. घरखर्च ३१,०००, म्युच्युअल फंडातली महिन्याची एसआयपी ३,०००. शिल्लक म्हणाल तर पतसंस्थेत २ लाखांची ठेव, तिची मुदत जूनमध्ये संपते, आणि बँकेत १,२०,००० ची दुसरी ठेव. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री ते एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतात.

त्यांना मेक्सिकोत बनलेला फेंडर जॅझ बेस घ्यायचा आहे, १,१०,००० ला. सोबत दोनशे वॉटचा बेस अँप ६२,०००, आणि केस, वायरलेस, पेडल धरून १८,०००. झाले १,९०,०००. ते लिहितात: "दहा वर्षांपूर्वीच्या अकरा हजारांच्या गिटारवर आता हात बसत नाही. ई तार (सगळ्यात जाड) झणझणते, आवाज मेलेला येतो. आज नाइटला १,८०० मिळतात. स्वतःचं भारी सामान असलं की ४,००० मागता येतील, दीड वर्षात पैसे वसूल. ठेव मोडू की दुकानदार चोवीस महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय देतोय तो घेऊ? की त्याच पैशात पाच तारांचा बघू?"

भाऊ, आधी एक कबुली. धुळ्यात कॉलेजला असताना मीही तीन वर्षं बेस वाजवला आहे, उसन्या गिटारवर. एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी स्टेजपाशी येऊन माझी गिटार नीट निरखली आणि विचारलं, "तुनी गिटारले दोन तार कमी काबर शेतस रे भो?" म्हणजे, तुझ्या गिटारला दोन तारा कमी का? (साध्या गिटारला सहा तारा, बेसला चारच.) त्यामुळे तुमची तडफड मला कळते. पण तुम्ही दिवसभर दुसऱ्याच्या मिलचा जमाखर्च लिहिता आणि स्वतःचा मात्र डोळे मिटून लिहिलाय, तो आधी तपासू.

गेल्या वर्षी १९ सुपाऱ्या, म्हणजे ठरवून घेतलेले कार्यक्रम, झाल्या म्हणता. पाचोरा, जामनेर, चोपडा असं जाणं-येणं, पेट्रोल आणि परतीच्या वाटेवरचं खाणं मिळून साडेपाचशे जातात, हेही तुम्हीच लिहिलंय. म्हणजे हाती १,२५०, वर्षाचे २३,७५०. या दरानं १,९०,००० वसूल व्हायला आठ वर्षं लागतात. आणि हा हिशेबसुद्धा मी तुम्हाला झुकतं माप देऊन केला. १,८०० तर तुम्हाला आज जुन्या गिटारवरही मिळतात! नव्या सामानाच्या नावावर फक्त वाढलेले पैसे जमा करायचे. दर ४,००० झाला असं तुमचंच म्हणणं धरलं, तरी वाढ २,२०० ची, एकोणीस सुपाऱ्यांचे ४१,८००. म्हणजे साडेचार वर्षं. आणि दर वाढला नाही, तर वसुली शून्य.

दर वाढेल का? माझा अंदाज, नाही. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात बेसवाल्याचा खरा प्रतिस्पर्धी कीबोर्डवाल्याचा डावा हात आहे. मालकाला गाडीत एक माणूस कमी करायचा असला, की आधी कीबोर्डवर बेसचा टोन लावला जातो. सुपारी देणाऱ्याला तर बेस म्हणजे डीजेचे अठरा इंची स्पीकर. "बेस वाढवा" असं तो ओरडतो तेव्हा ते तुमच्यासाठी नसतं. गिटारवर फेंडर लिहिलंय की आणखी काही, हे हळदीच्या मांडवात कुणी वाचत नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, त्यामुळे एका रात्रीत दोन सुपाऱ्या मारायचीही सोय नाही. दर वाढतो तो दोनशे गाणी कागद न बघता येणाऱ्याचा, मधेच दोन गाणी गाऊन देणाऱ्याचा, गायकानं ऐन वेळी पट्टी बदलली तरी न अडखळणाऱ्याचा. माझं खोटं वाटत असेल तर खरेदीच्या आधी मालकालाच विचारा, "लाखाचा बेस आणला तर आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) चार हजार देशील का?" त्याचा चेहरा बघा. हो म्हणाला, तर मला परत लिहा, मी माझं मत बदलीन.

तेव्हा ही गुंतवणूक नाही, हौस आहे. यात कमीपणा काहीच नाही. पण हौसेला धंद्याचं नाव दिलं की माणूस ठेव मोडतो, आणि हौस म्हणून बघितली की खिसा बघतो. तेवढा फरक तुमच्या घराला पुरेसा आहे.

आता ठेव. घरखर्च ३१,०००, सहा महिन्यांचे झाले १,८६,०००. तुमची २ लाखांची ठेव साधारण तेवढीच आहे. ती बचत नव्हे, मिल चार महिने बंद राहिली तर चूल पेटती ठेवणारे पैसे आहेत ते. ती गेली की उरतात १,२०,०००, म्हणजे चार महिनेसुद्धा पुरे नाहीत. तरीही ही ठेव जूनमध्ये तिथून काढाच, मात्र गिटारसाठी नाही. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थेत पैसे अडकलेली घरं गल्लीगल्लीत आहेत, तुम्हाला मी काय सांगू. माझ्याच एका चुलत्यांनी मुलीच्या लग्नाचे पैसे एका संस्थेत ठेवले होते. लग्न उसनवारीवर झालं आणि ठेवीची पावती अजून कपाटात आहे. अर्धा-एक टक्का जास्त व्याजाची ती किंमत. पैसे बँकेत आणा, आणि पुन्हा ठेवीत टाका.

ईएमआयचं थोडक्यात. १,९०,००० चे चोवीस हप्ते म्हणजे महिन्याला ७,९१७. तुमच्या घरी खर्च आणि एसआयपी जाऊन ९,००० उरतात. हप्ता गेला की १,०८३. मुलीला एकदा दवाखान्यात न्यावं लागलं की संपलं. आणि 'नो कॉस्ट' म्हणजे फुकट नव्हे. व्याज किमतीत मुरवलेलं असतं, रोखीत मिळणारी सूट जाते, प्रोसेसिंग फी लागते आणि कार्डावर असेल तर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी वर. दुकानदाराला एवढंच विचारा, "रोख दिले तर कितीला?"

आता सामानाबद्दल, कारण खरी गंमत तिथेच आहे.

तुम्ही सहज लिहून गेलात की तारा चार वर्षांपूर्वीच्या आहेत. भाऊ, मेलेला आवाज गिटारचा नाही, तारांचा आहे! तुम्ही राउंडवाउंड, म्हणजे वर गोल तारेचं वेटोळं असलेल्या तारा, लावता, आणि मे महिन्यात जळगावात रात्री नऊला स्टेजवर उभं राहिलेल्या माणसाचा घाम त्या वेटोळ्यांत जाऊन बसतो. काही महिन्यांत चमक जाते. आम्ही तारा काढून पातेल्यात उकळायचो, धुऊन वाळवून परत लावायचो, आठवडाभर बऱ्या वाजायच्या. आईनं ते पातेलं नंतर स्वयंपाकघरात घेतलं नाही.

झणझणण्याचंही तसंच. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात नेकचं, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याचं, लाकूड आकसतं, नेक सरळ होते किंवा किंचित मागे जाते, आणि पहिल्या पाच फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तार घासायला लागते. नेकच्या कडेनं बोट फिरवून बघा, फ्रेटची टोकं टोचत असतील. याला ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळी, पाव फेरा सैल करणं आणि ब्रिजवरची उंची लावणं पुरतं बहुतेकदा. स्वतः पहिल्यांदा करू नका, आणि पाव फेऱ्यावर एक दिवस थांबा. नाशिक किंवा पुण्याला जाणं होईल तेव्हा सेटअप करून आणा. नव्या तारांसकट चारेक हजारांत काम होईल. शक्यता अशी की त्यानंतर तुमचा अकरा हजारांचा बेस तुम्हालाच ओळखू येणार नाही.

अँप तर यादीतून आधी खोडा. मांडवात लोक ऐकतात ते साउंडवाल्याच्या सिस्टीमवर, तुमच्या अँपमधून नाही. तुम्हाला लागतो डीआय बॉक्स. गिटारची केबल त्यात, तिथून एक्सएलआर केबल मिक्सरला. लांब वायरीतून येणारी घरघर जाते आणि आवाज भरीव जातो. पाच हजारांच्या आत-बाहेर मिळेल. शिवाय तुम्ही मोटरसायकलवर जाता असं लिहिलंय. दोनशे वॉटचा अँप मागे बांधून चोपड्याला कसे जाणार होतात? घरी सरावाला हेडफोन लावा, शेजारीही खूश.

पाच तारांचं तुमचं म्हणणं मात्र बिनबुडाचं नाही. गायक पांढरी एक किंवा काळी एक पट्टीत गात असला की खालचा सा चार तारांच्या बेसवर मिळत नाही, वरचा घ्यावा लागतो आणि गाणं पोकळ वाटतं. पाचव्या तारेनं तो मिळतो. पण ती उघडी बी तार जवळपास ३१ हर्ट्झवर वाजते, ई तार ४१ वर. छोट्या सिस्टीमला ३१ झेपत नाही, नुसती थरथर येते. तुमच्या ऑर्केस्ट्राचं साउंड कसं आहे, ते तुम्ही जाणता. फेंडरचा जॅझ बेस १९६० चा आणि त्यांचाच प्रिसिजन बेस १९५१ चा, दोन्ही चार तारांचे, आणि अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमर्सन या बेसवादकानं तर प्रिसिजनवर, सपाट पट्टी गुंडाळलेल्या फ्लॅटवाउंड तारांवर, उजव्या हाताच्या एका तर्जनीनं साठच्या दशकातली गाणी उभी केली. हे तुम्हाला गप्प करायला नाही सांगत. फ्लॅटवाउंड तारा वर्षानुवर्षं टिकतात, आणि आपल्या लग्नातल्या जुन्या हिंदी गाण्यांना तो गोल आवाज शोभतो, म्हणून सांगतो. एकदा लावून बघा.

पैशांची मांडणी मी अशी करीन. एक वेगळं बचत खातं उघडा आणि सुपारीचं पाकीट घरी न आणता त्यात भरा. वर्षाचे २३,७५०, त्यात उरलेल्या नऊ हजारांतले महिना १,५०० घाला, म्हणजे १८,०००. झाले ४१,७५०. आधी त्यातून सेटअप आणि डीआय बॉक्स. वर्ष-सव्वा वर्षात चाळीस हजारांच्या घरातला चांगला बेस येतो. स्क्वायर ही फेंडरचीच स्वस्त शाखा, तीच बघा, जमलं तर सेकंडहँड. नवी गिटार दुकानाच्या पायरीवरच उतरते, नीट घेतलेली जुनी बरीचशी तेवढ्याच पैशाला परत विकते. घेताना नेक डोळ्यासमोर धरून पीळ बघा, ट्रस रॉडचा नट झिजलेला नाही ना ते बघा, व्हॉल्यूमची खुंटी फिरवून खरखर ऐका. आणि मधे काहीच मोठं घेतलं नाही, तर याच खात्यातून तीन वर्षांच्या आत तुमचा मेक्सिकोचा जॅझ बेससुद्धा येतो. ठेव जागच्या जागी.

सुपारीचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवा. नव्या करप्रणालीत तुमच्या आकड्यावर कर येणार नाही, पण आयटीआर-१ चालणार नाही, ३ किंवा ४ भरावा लागेल.

दोन गोष्टी तुमच्या पत्रात नाहीत. एक, टर्म विमा. पाच वर्षांची मुलगी आहे आणि तुम्ही रात्री एकला पाचोऱ्याहून मोटरसायकलवर येता. वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. उरलेल्या साडेसात हजारांतून पहिला हप्ता त्याचा. दुसरी, वहिनींचं मत. दोन लाखांत त्यांच्या शिकवण्यांचेही पैसे असतील.

पतसंस्थेची पावती मात्र याच आठवड्यात काढून बघा. बऱ्याच ठिकाणी मुदत संपली की ठेवीचं आपोआप नूतनीकरण होतं. तसं लिहिलेलं असेल, तर मेमध्येच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.